पाणी साठवायचे टाकीत, पाजायचे छोट्या हौदात

प्रश्न : आमच्याकडे १० दुभत्या गाई, ४ मोठ्या कालवडी, काही वासरे आणि ८ शेळ्या आहेत. आजवर जनावरे दावणीला बांधून बादलीने पाणी पाजत होतो. आता मुक्त संचार गोठा बांधायला घेतला आहे. गवंड्याचे म्हणणे असे, की एका भिंतीलगत ४ फूट खोल मोठा हौद एकदाच बांधून टाकावा, म्हणजे दोन-तीन दिवस पाण्याची चिंता नको. धाकट्या भावाला नाकाने दाबले की पाणी येणारी स्वयंचलित भांडी बसवायची आहेत. जुन्या गोठ्याबाहेरच्या खोल हौदात सारखे शेवाळ धरते, आणि दोन गरीब स्वभावाच्या गाई बाकीच्यांचे होईपर्यंत लांब उभ्या राहतात. आम्ही काय बांधावे? शेळ्यांनाही त्याच हौदावर पाजले तर चालेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण शेवाळाचा आणि त्या दोन गाईंचा उल्लेख केला, हे फार चांगले झाले, कारण पाण्याची सोय बांधताना याच दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. आपल्या गवंड्याची काळजी खरी आहे. पाण्याचा एक-दोन दिवसांचा साठा गोठ्यावर असायलाच हवा. फक्त तो साठा जनावरांच्या तोंडाखाली नसावा. साठा उंचावरच्या झाकलेल्या टाकीत ठेवावा आणि जनावरे जिथे तोंड घालतात तो हौद मुद्दाम छोटा, उथळ, झपाट्याने भरणारा आणि मनात येताच रिकामा करता येणारा असावा. पुढे जे काही लिहीत आहे, ते सगळे या एकाच तत्त्वावर उभे आहे.

गाय पाणी कशी पिते, हे एकदा जवळ उभे राहून पाहावे. ती जीभ चालवत नाही. नाकपुड्या पाण्याच्या वर ठेवून मुस्कट दोन-चार सेंमी बुडवते, ओठ जवळजवळ मिटून फक्त मधे फट ठेवते आणि पाणी ओढून घेते; गळ्याच्या खालच्या बाजूने घोटामागून घोट सरकताना दिसतो. अशा रीतीने मोठी गाय मिनिटाला १० ते २० लिटर पाणी सहज पिते, म्हणजे एक भरलेली बादली मिनिटाच्या आत. दूध काढून झाल्यावर तिची तहान सर्वांत जास्त असते आणि दिवसभराच्या पाण्याचा मोठा हिस्सा ती त्यानंतरच्या तासाभरातच पिते. दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे एक लिटर दुधामागे ३ ते ५ लिटर पाणी लागते, असा अंदाज धरतात. दुभत्या गाईची दिवसाची गरज दूध, चारा आणि ऊन यांनुसार ६० ते १२० लिटरच्या आसपास जाते. हिरवा, रसाळ चारा असेल तर कमी, कोरडा कडबा आणि कडक ऊन असेल तर जास्त. पाणी कमी पडले, की गाय आधी चारा कमी खाते आणि मग दूध आटते, आणि मालक मात्र खुराकात खोट शोधत बसतो.

आता खोल हौदाचा हिशेब पाहा. आपली १४ मोठी जनावरे दिवसाला सुमारे १,००० ते १,४०० लिटर पाणी पितील. हौद ४,००० लिटरचा केला, तर त्यातले पाणी पुरते बदलायला तीन-चार दिवस लागतील, आणि तेही वरवरचेच बदलेल. तळाचे पाणी हलणारच नाही. प्रत्येक गाय पिताना तोंडातली लाळ आणि चाऱ्याचे कण पाण्यात सोडते. ते तळाशी बसतात, कुजतात, आणि वरून ऊन मिळाले की त्याच खतावर शेवाळ पोसते. हौद धुवायचा तर ४,००० लिटर पाणी सोडून द्यावे लागते. ते कोणाच्याही जिवावर येते, म्हणून धुणे आज-उद्यावर जात राहते. जुन्या हौदात आपल्याला जे शेवाळ दिसते, ते घरातल्या कोणाच्या आळसामुळे नव्हे, हौदाच्या आकारामुळे आहे, अशी माझी खात्री आहे.

म्हणून आपण एकाऐवजी दोन हौद बांधावेत. प्रत्येकाची आतली लांबी १.५ मीटर, रुंदी ४५ सेंमी आणि पाण्याची खोली २० सेंमी ठेवली, तर एका हौदात १३५ लिटर पाणी राहील. मुस्कट नीट बुडायला ७ ते ८ सेंमी पाणी पुरते, त्यामुळे २० सेंमी खोली भरपूर झाली. मोठ्या जनावरामागे हौदाच्या काठाची सुमारे १० सेंमी लांबी असावी, असा ठोकताळा आहे. १४ जनावरांना १.४ मीटर लागते आणि आपल्याकडे दोन्ही मिळून ३ मीटर होते. एका हौदावर एका बाजूने दोन गाई आरामात शेजारी उभ्या राहतील. हौदाची आतली उंची ३० सेंमी ठेवावी, म्हणजे पाण्याची पातळी काठापासून १० सेंमी खाली राहून पाणी सांडणार नाही. जनावराचे पुढचे पाय जिथे टेकतात तिथून काठाची उंची मोठ्या गाईला ७० सेंमीच्या आसपास बरोबर बसते. जनावरे लहान चणीची असतील, तर ६० सेंमी करावी. काठ यापेक्षा उंच झाला, की गाईचा गळा त्यावर दाबला जातो आणि ती पोटभर पिण्याआधीच मान काढून घेते. समोरची भिंत खालच्या बाजूला थोडी आत घेतली, तर तिच्या गुडघ्यांना आणि खुरांना जागा मिळते आणि ती हौदाला खेटून उभी राहू शकते.

या हौदाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाणी सोडण्याचे छिद्र, आणि गवंडी नेमके तेच बारीक ठेवतो किंवा विसरतो. तळाच्या एका टोकाला ७५ मिमीचे, फार तर ५० मिमीचे छिद्र असावे आणि तळ त्या दिशेला स्पष्ट उतरता असावा. त्या छिद्रात लाकडी खुंटी किंवा चिंध्यांचा बोळा न घालता, हाताने घट्ट बसेल आणि हातानेच ओढता येईल असा, तळाच्या वर २२ सेंमी राहणारा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बसवावा. हा एक तुकडा दोन कामे करतो. बॉलकॉक (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) बिघडून पाणी वाढले, तर जादा पाणी त्याच्या तोंडातून निचऱ्याच्या नळीत जाते, गोठ्यात चिखल होत नाही. आणि हौद रिकामा करायचा असेल, तेव्हा पाइप उपसला की सगळे पाणी गाळासकट निघून जाते. गाई कुतूहलाने तो ओढून काढतात, म्हणून त्यावर काढता येईल अशी जाळी किंवा फळी हवी. सोडलेले पाणी जनावरांच्या उभे राहण्याच्या जागेत न आणता नळीने थेट चाऱ्याच्या पिकाकडे किंवा झाडांच्या आळ्यांकडे न्यावे; १३५ लिटर वाया गेले, असे मग वाटणार नाही.

छोटा हौद चालतो तो केवळ तो लवकर भरतो म्हणून. दूध काढून सुटलेल्या १० गाई प्रत्येकी २० लिटर प्यायल्या, तर पंधरा-वीस मिनिटांत २०० लिटर उठतात. हौदात आधीच असलेले पाणी आणि मिनिटाला १५ लिटर येणारी धार यांनी हे सहज भागते. धार बारीक असली, तर मात्र हौद तळाला जातो आणि मागे राहिलेल्या गरीब गाई चाटत बसतात. इथे एक बारकावा समजून घ्यावा. उंचावरच्या टाकीचा दाब फार नसतो; ३ मीटर उंचीला तो जेमतेम ०.३ बार मिळतो. बाजारात मिळणारे बरेच बॉलकॉक जास्त दाबासाठी बनवलेले असतात आणि त्यांचे आतले छिद्र बारीक असते, त्यामुळे टाकीच्या दाबावर त्यांतून नुसती करंगळीएवढी धार येते. टाकी चौपट उंच केली, तरी धार दुप्पटच होते. छिद्राचा व्यास दुप्पट केला, तर धार चौपट होते. तेव्हा टाकीचा मनोरा उंच करण्याच्या नादी न लागता कमी दाबाचा, मोठ्या छिद्राचा बॉलकॉक घ्यावा आणि टाकीपासून हौदापर्यंत एक इंची किंवा त्याहून मोठी नळी टाकावी, अर्ध्या इंचाची नव्हे. खात्री करायची, तर १५ लिटरची बादली नळाखाली धरावी. ती मिनिटाच्या आत भरली पाहिजे, आणि दोन्ही हौदांचे नळ एकाच वेळी उघडे असतानाही भरली पाहिजे. बॉलकॉक हौदाच्या टोकाला, आडव्या पडदीमागे, वरून झाकून बसवावा. उघडा राहिला, तर गाई त्याच्याशी खेळून दांडी वाकवतात. उन्हात पडलेली काळी नळी दुपारी पाणी कढत करते, म्हणून ती जमिनीत पुरावी.

त्या दोन गरीब गाईंबद्दल आता. कळपात वरचढ गाई असतातच आणि पाण्याचे एकच ठिकाण असले, की एखादी तिथे नुसती उभी राहूनही दुसरीला येऊ देत नाही. दोन हौद शेजारी-शेजारी बांधले, तर ती दोन्ही राखते. म्हणून एक हौद दूध काढण्याच्या जागेतून बाहेर पडताच आणि दुसरा गव्हाणीच्या बाजूला, पण गव्हाणीला चिकटून नव्हे, असे एकमेकांपासून पुरेसे लांब ठेवावेत. गव्हाणीला लागून ठेवला, तर तोंडातला घास पाण्यात पडतो. फार लांब ठेवला, तर पान्हवलेली, थकलेली गाय तिथवर जायचा कंटाळा करते. पंधरा-वीस मीटरचे अंतर योग्य. हौदासमोर ३ ते ४ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे पिणाऱ्या गाईमागून दुसरी निर्धास्त जाऊ शकेल. गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा अरुंद बोळात हौद कधीही बांधू नये. मागून शिंगे उगारली गेली, तर गरीब गाईला निसटायला वाट उरत नाही, आणि असा एक अनुभव आला, की ती पुन्हा तिथे फिरकत नाही.

हौदाभोवतीचा कोबा खरबरीत, पाय न घसरणारा आणि हौदापासून बाहेर उतरता असावा. हौदाच्या पायथ्याशी सुमारे १५ सेंमी उंच आणि ३० ते ४० सेंमी रुंद ओटा काढला, तर गाय त्यावर पुढचे पाय ठेवून पिते, पण मागे सरकत येऊन पाठ हौदाकडे करायला तिला जागा मिळत नाही, त्यामुळे शेण-मूत पाण्यात पडत नाही. असा ओटा काढल्यास काठाची उंची त्याच्यापासून मोजावी. पुढेमागे म्हशी घ्यायचा विचार असेल, तर काठाच्या वर आडवा लोखंडी पाइप आतापासूनच बसवून घ्यावा, कारण उन्हाळ्यात म्हशीला पाण्यात तोंडच नव्हे, अंगही घालायचे असते.

सिमेंटचा हौद बांधताना आतला गिलावा चांगला घोटून गुळगुळीत करावा आणि कोपरे काटकोनात न ठेवता वाटा मारून गोल करावेत. कुंचा जिथे पोहोचत नाही तिथेच शेवाळ तळ ठोकते. नव्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो आणि जनावरे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवस हौद भरून, सोडून, पुन्हा भरून मगच वापरात घ्यावा. आतून तैलरंग लावू नये. जुन्या रंगांत शिसे असते आणि शिशाची विषबाधा गुरांना लवकर होते. त्याच कारणाने कीटकनाशकाचा, तेलाचा किंवा कोणत्याही रसायनाचा रिकामा पिंप कापून त्याचे पाण्याचे भांडे करणे टाळावे, तो कितीही धुतलेला असला तरी. हौदावर छप्पर हवे. सावलीमुळे पाणी थंड राहते आणि शेवाळही कमी धरते.

आपल्या भावाची सूचना मुळीच टाकाऊ नाही; ती दुसऱ्या प्रकारच्या गोठ्याची आहे, इतकेच. जनावरे बांधून ठेवलेली असताना दर दोन गाईंमध्ये एक भांडे ही उत्तम सोय असते, मात्र प्रत्येक भांड्यात मिनिटाला निदान १० लिटर पाणी यायला हवे. एरवी गाय भांड्यातली नाकाने दाबायची पाती दाबून दाबून कंटाळते आणि अर्धपोटी मागे सरते. मोकळ्या कळपात एका वेळी एकच तोंड मावणारी भांडी बसवली, तर भांडण वाढते. ती आपण आजारी आणि नुकत्याच व्यालेल्या जनावरांच्या खणात बसवावीत. पहिल्यांदा पाती दाबताना पाण्याचा आवाज होतो आणि कालवडी बुजतात, तेव्हा पहिले एक-दोन दिवस कोणीतरी हाताने पाती दाबून पाणी दाखवावे. पाण्याचे भांडे धातूचे असेल किंवा हौदाजवळ पंप असेल, तर वीज उतरत नाही ना, हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. आपल्या पायात चप्पल असते, गाईचे खूर ओल्या जमिनीवर उघडे असतात, म्हणून आपल्याला जाणवणारही नाही इतका झटका तिला बसतो. पाण्याशी येऊन थबकणारी, जिभेने लपलप करणारी किंवा मुस्कट लावताच मान झटकून मागे जाणारी गाय दिसली, तर आधी तोच संशय घ्यावा.

वासरांना दूध मिळते म्हणून पाणी नको, हा समज फार रुजलेला आहे आणि तो सोडून द्यावा. वासराने प्यायलेले दूध अन्ननलिकेच्या पन्हळीतून थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात जाते. पहिल्या कप्प्याला, म्हणजे पुढे ज्याच्यावर ती गाय जगणार त्या रवंथाच्या पोटाला, त्यातले काही मिळत नाही. मोकळे प्यायलेले पाणी मात्र तिथे पोहोचते आणि खुराक आंबवणाऱ्या जीवाणूंना ते लागतेच. पहिल्या आठवड्यापासूनच वासरांसमोर स्वच्छ पाणी ठेवावे, काठ ४० ते ५० सेंमीवर, आणि खुराकाचे भांडे त्याला चिकटून नको. ते जवळ असले, की वासरू एका भांड्यातून दुसऱ्यात तोंड घालत राहते आणि तासाभरात दोन्ही नासवते.

शेळ्यांना त्याच हौदावर पाजू नये. काठ त्यांना उंच पडतो, त्या उडी मारून वर चढतात आणि लेंड्या पाण्यात पडतात. आणि शेळीइतके चोखंदळ जनावर दुसरे नाही, स्वतःच घाण केलेल्या पाण्याला ती तोंड लावत नाही. त्यांचे भांडे त्यांच्या खणाच्या बाहेर ठेवावे आणि जाळीत डोके जाईल एवढीच फट ठेवावी. ते आतच ठेवायचे असेल, तर शेपटीच्या उंचीपेक्षा किंचित वर लावून खाली पुढचे पाय ठेवायला एक विटेची पायरी द्यावी. करडांना वेगळे, ८ ते १० सेंमी खोलीचे पसरट भांडे द्यावे. बादलीत करडू बुडून मरते, ही ऐकीव गोष्ट नव्हे. पुढे मेंढ्या आणल्या, तर शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकण्याचा प्रचलित उपाय कटाक्षाने टाळावा, कारण मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते. शेवाळावर मोरचुदापेक्षा कुंचा आणि सावली हाच निर्धोक उपाय.

धुण्याबद्दल थोडक्यात सांगतो. रोज सकाळी वर तरंगणारा कचरा काढावा. आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, पाइप उपसून हौद रिकामा करावा, कुंच्याने घासावा, ब्लीचिंग पावडरचे फिके द्रावण फिरवून दहा मिनिटे ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने धुऊन भरावा. आठवड्याला पाणी पूर्ण बदलले, की डासांच्या अळ्यांनाही डास होण्याइतका अवधी मिळत नाही. टाकीचे झाकण मात्र घट्ट हवे. उंदीर, सरडा किंवा पक्षी पाण्यात मरून कुजला, तर त्यातून गुरांना बॉट्युलिझम हा बहुधा जीवघेणाच ठरणारा पक्षाघात होऊ शकतो. हौदातही एका टोकाला खरबरीत उतरण ठेवली, तर पडलेला जीव बाहेर येऊ शकतो. पाणी विहिरीचे वा बोअरचे असेल, तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. विरघळलेले क्षार लिटरला १,००० मिलीग्रॅमच्या आत असले, तर निश्चिंत राहावे, ३,००० च्या वर गेले, तर पशुवैद्यांशी बोलावे, आणि नायट्रेटही तपासायला सांगावे.

शेवटची विनंती अशी, की टाकीतून निघणाऱ्या मुख्य नळीवर एक साधे जलमापक बसवून रोजचा आकडा दिनदर्शिकेवर लिहावा. अचानक उतरलेला आकडा बॉलकॉक अडकल्याचे किंवा एखाद्या गाईला ताप भरल्याचे पहिल्याच दिवशी सांगतो. आणि गवंडी कामावर असतानाच, गिलावा वाळल्यावर, हौद नेहमीच्या पातळीपर्यंत भरून आपण स्वतः तो पाइप उपसून पाहावा. दोन मिनिटांत तळ कोरडा झाला नाही किंवा कोपऱ्यात ओंजळभर जरी पाणी साचून राहिले, तर त्याच दिवशी उतार दुरुस्त करून घ्यावा.